सोयाबीन, लॉट नंबर तीन

"आठ दिवसांचा ट्रेक, पाच बाया, आणि सगळ्यांचं जेवण माझ्याकडे," असं मी शाळेच्या शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं. उत्तराखंडात, बर्फात, घरचं गरम जेवण! तेही पाठीवरच्या पिशवीत मावेल एवढं हलकं. कारण मी डिहायड्रेटर घेतला होता. म्हणजे तो अजून घरी आला नव्हता, पण मी त्याचे एवढे व्हिडिओ पाहिले होते की दुरुस्तीसुद्धा केली असती.

मशीन तसं सोपं. जाळीचे सहा ट्रे, मागे पंखा आणि हीटर. शिजवलेला पदार्थ ट्रेवर पसरायचा, दहा-बारा तासांत त्यातलं पाणी उडून जातं. डोंगरावर उकळतं पाणी ओतलं की पुन्हा जेवण तयार. माझ्या सासूबाई पंचफुलाबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, पहिल्याच दिवशी मशीनभोवती एक चक्कर मारून आल्या.

"ह्याला लाईट लागते?"

"व्हय आत्या. बारा तास."

"मंग बाहेर मे महिना काहून तापून राहिला?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. शोध लावणाऱ्यांना घरात असंच ऐकावं लागतं.

वांग्याचं भरीत वाळलं, खिचडी वाळली, केळी तर चामड्यासारखी झाली. पण माझा खरा अभिमान म्हणजे सोयाबीनची उसळ. डोंगर चढायला प्रोटीन लागतं! सोयाबीन भिजवलं, कुकरला लावलं, तिखट आणि कांदा-लसूण मसाला चोळला आणि वाळवलं. दाणा न् दाणा सुटा, लालभडक, खडखडीत. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं सीलबंद करून वर स्टिकरही लावले. 'सोयाबीन. लॉट नं. ३. वजन १०० ग्रॅम. वापरण्यापूर्वी भिजवणे.' उसळ हा शब्द लिहायला स्टिकरवर जागा उरली नाही. आणि ज्याला कळायचं त्याला कळेलच, असा माझा विश्वास होता.

पाकिटं ठेवली धान्याच्या खोलीत, कोरडी जागा म्हणून. त्याच दिवशी माझा थोरला भाऊ विश्वंभरदादा टेम्पो घेऊन आला. कळमनुरीत त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. माझे सासरे नामाजीमामा यांनी यंदा पहिल्यांदाच साऱ्या भावकीसाठी सोयाबीनच्या बावीस बॅगा त्याच्याकडून मागवल्या होत्या. सोयऱ्याच्या दुकानातून माल घ्यायचा म्हणजे मोठी जोखीम. चांगला निघाला तर कुणी बोलत नाही, वाईट निघाला तर दोन्ही घरांचं बोलणं बंद. दादाने बॅगा त्याच खोलीत रचल्या, चहा घेतला आणि गेला.

पेरणीआधी आमच्याकडे उगवण तपासतात. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाच दिवसांनी उघडायचे. सत्तरच्या वर मोड आले तर बी चांगलं. पण बॅग फोडली की परत कुणी घेत नाही. मामांना बॅगांशेजारी सीलबंद, लॉट नंबर घातलेली पाकिटं दिसली, तेव्हा त्यांना वाटलं की दुकानदाराने तपासायला नमुना दिला. औषध चोळलेलं बी लालच असतं, तेव्हा रंगाचीही शंका आली नाही. माझ्या चाळीस पाकिटांतलं एक गेलेलं मला कळलंच नाही.

सहाव्या दिवशी मी स्वयंपाकघरात दुसरा घाणा वाळवत होते. अंगणात गलका वाढला म्हणून बाहेर आले. सारी भावकी जमलेली. मध्ये गोणपाट उघडं पडलेलं. कृषी सहायक ऐश्वर्या मॅडम नाकाला रुमाल लावून दाणे मोजत होत्या. आणि कोपऱ्यात विश्वंभरदादा उभा होता, तोंड पार उतरलेलं.

"शंभरात एक न्हाई," मामा सांगत होते. "एकबी न्हाई. वरून सडका वास. आमी सोयऱ्यावर भरोसा ठेवला, अन् त्यानं ह्ये बोगस बी गळ्यात मारलं."

"मामा, माझ्या दुकानातून असा नमुना गेलाच न्हाई," दादा म्हणाला.

"मंग काय आभाळातून पडला?"

भावकीतले सोनाजीकाका म्हणाले, "बावीसच्या बावीस बॅगा वापस. अन् तक्रार वर जाऊ द्या."

ऐश्वर्या मॅडमनी कागद काढला. "तक्रार वर गेली तर चौकशी संपेपर्यंत दुकान बंद राहील. ऐन पेरणीत. नीट विचार करून सही करा."

मी वाकून गोणपाटात पाहिलं, तर कांदा-लसूण मसाला चोळलेले माझेच दाणे. दादाने सात वर्षं राबून उभं केलेलं दुकान माझ्या उसळीपायी बंद होणार होतं.

"मामा, सही करू नका," मी म्हटलं. "ते बी न्हाई. उसळ हाय."

सोनाजीकाका हळूच म्हणाले, "बहीण हाय. भावाला वाचवून राहिली."

आता बोलून उपयोग नव्हता. मी आत गेले, एक पाकीट फोडलं, उकळतं पाणी ओतलं आणि वाटी घेऊन बाहेर आले. पहिला घास उचलला तसे मामा पांढरे पडले.

"अगं सत्यशीला, ईष हाय ते! औषध लावलेलं हाय!"

मी खाल्लं. दुसरा घास खाल्ला. सगळे माझ्याकडे असे बघत होते की मलाच दोनदा वाटलं, आपण पडतो की काय. शेवटी आत्या पुढे आल्या, वाटीतला दाणा उचलून चावला आणि म्हणाल्या, "उसळच हाय. मीठ कमी."

दादा मटकन ओट्यावर बसला. दुकान वाचलं! मला रडू आलं, तिखटाने आणि खरंच.

पण कागद एकदा निघाला की तो रिकामा परत जात नाही. मॅडम म्हणाल्या, "उगवण न होण्याचं कारण लिहावं लागेल." मामांनी पेन मागून घेतलं. मग स्वतःच्या हाताने लिहिलं, 'बी सुनेने शिजवले होते.' खाली सही केली. मॅडमनी अजिबात न हसता त्याखाली शेरा मारला, 'चव पाहिली. मीठ कमी.'

दादाने त्या कागदाची नक्कल फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या वर टांगली आहे. आता कळमनुरीच्या बाजारात अनोळखी माणसंही मला थांबवून नमस्कार करतात आणि मीठ किती घालायचं ते सांगतात.