धोंडोपंत साळिंदराचं टपाल

एका जंगलात, बाळांनो, पानांवर पत्रं लिहायची टूम निघाली. कावळे ती घरोघर पोचवू लागले आणि धोंडोपंत साळिंदराची झोप उडाली.

कारण होतं वेणू. टेकडीपलीकडची, नाजूक काट्यांची. पंतांनी तिला मागणी घातली होती आणि पौर्णिमेच्या आत तिचं उत्तर यायचं होतं. आनंदानं त्यांचे काटे असे उभे राहत की बिळात शिरताना पंत दारातच अडकत.

टपाल मात्र भलतंच येई. 'श्री. गजराज, सोंडेला तजेला हवा?' 'सौ. कासवबाई, जुनं कवच द्या, नवं घ्या.' 'प्रिय ससोबा, केस आणखी मऊ करा.' हे शेवटचं पंतांना फार लागलं.

"काय हो कावळेबुवा, हत्तीचं पत्र माझ्या दारात?"

"पंत, मी वरच्या पानावरचा पत्ता बघतो. तिथं तुमचंच बीळ आहे. जत्रेत माल विकणाऱ्या कोल्ह्यानं हत्तीच्या नावाचा एकच मजकूर हजारदा उतरवला आणि हजार पत्त्यांवर सोडून दिला. आत कुणाचं नाव आहे, हे बघत बसायला मला कुठली सवड?"

"पण माझा पत्ता त्याला दिला कुणी?"

"जत्रेत फुकटच्या काकडीसाठी पान भरून कुणी दिलं होतं?"

ते पान पंतांनीच भरलं होतं. काकडी कडूच निघाली होती.

मग त्यांनी दारावर एक खेकडा नेमला. "ज्या पत्राच्या आत माझं नाव नाही, ते मागच्या खड्ड्यात. पुढे वाचायचंसुद्धा नाही."

"आणि नाव असलं तर?"

"तर पळत आण."

खेकडा हुशार नव्हता, पण सांगितलेलं चोख करायचा. दोन दिवसांत बीळ लख्ख झालं. पंतांनी स्वतःभोवती गिरक्या घेतल्या आणि छताला चार भोकं पाडली.

पौर्णिमा आली. गेली. वेणूचं पत्र काही आलं नाही. पंतांनी चार दिवस कंदाला तोंड लावलं नाही.

पाचव्या दिवशी खेकडा पळत, म्हणजे आडवा पळत आला. "पंत, आलं बघा. तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं जागच्या जागी."

वेणूच्या लग्नाचं निमंत्रण होतं. नवरा खालच्या रानातला. पंतांना सहकुटुंब सहपरिवार बोलावलं होतं.

पंत धडपडत मागच्या खड्ड्यात उतरले. सोंडेच्या तजेल्याची आणि कासवाच्या कवचाची पत्रं उपसल्यावर खाली वेणूची तीन पत्रं सापडली. पहिल्यात होतं, 'इकडच्या स्वारीस नमस्कार. माझा होकार आहे. लवकर येणं व्हावं.' तिसऱ्यात होतं, 'माझं काही चुकलं का? बाबा घाई करताहेत.'

साळिंदरांची जुनी रीत, बाळांनो. एकदा मनानं नवरा मानला की बाईनं त्याचं नाव घ्यायचं नाही. पंतांच्या आईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. वेणूचा नकार असता तर तिनं खुशाल नाव लिहिलं असतं आणि खेकड्यानं ते पत्र पळत आणून दिलं असतं.

खेकडा काठावरून म्हणाला, "पंत, माझं काही चुकलं का?"

"नाही रे बाबा," पंत म्हणाले आणि कचऱ्यात बसून ढसाढसा रडले.

तात्पर्य: काकडी विकत घ्यावी. आणि दारावर पहारा बसवायचाच असेल, तर आपण कचऱ्यात राहायला जावं. आपल्या माणसांची पत्रं तिथंच येतात.