करडा चौकोन

गाणं सुरू झालं की गाणाऱ्याचा फोटो पडद्यावर दिसेल, असं म्युझिक प्लेअरच्या खोक्यावर छापलं होतं. निवृत्त हेडक्लार्कांचा छापील मजकुरावर पूर्ण विश्वास होता. बायको स्वयंपाक करताना गायची, तेव्हा मुलीनं गुपचूप टेप केलेली सात गाणी त्यांनी त्यात भरून घेतली, सोबत दोघांचा एक फोटोही. बायको जाऊन पाच महिने झाले होते. आवाज आला. फोटोच्या जागी मात्र करडा चौकोन.

ते सेवा केंद्रात गेले.

"फोटो चौकोनी लागतो, काका. हा आडवा आहे," टेबलामागची मुलगी म्हणाली.

हेडक्लार्कांना राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. तीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज फोटोच्या मापावरून परत पाठवले होते. एका म्हाताऱ्याला तर कान दिसत नाहीत म्हणून तीन खेपा घालायला लावल्या होत्या. आपल्या तोडीचं माणूस भेटलं!

बायकोचा एकटीचा फोटो घरात नव्हता. त्यांनी त्याच दोघांच्या फोटोतून स्वतःला कात्रीनं कापून काढलं.

"खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलाय."

"माझाच आहे."

"मग हाताच्या मालकाचं संमतीपत्र लागेल. आणि कलाकाराची सही."

"ती वारली हो."

"अरेरे. मग दाखला जोडा, आणि वारसाचं ना-हरकत पत्र."

हेडक्लार्कांनी हात म्हणून संमती दिली, वारस म्हणून हरकत नसल्याचं कळवलं आणि दोन्ही पत्रांची पोच स्वतःच स्वतःकडून घेतली. अर्जाच्या कोपऱ्यात आपला फोटो डकवला, दोन्ही कान दिसतील असा. 'कलाकार' या रकान्यात हात सवयीनं चालला : अर्जदाराची पत्नी.

आठ दिवसांनी प्लेअर परत मिळाला. घरी येऊन त्यांनी गाणं लावलं. बायको गाऊ लागली आणि पडद्यावर दोन कानांसकट हेडक्लार्क उगवले.

ते तसेच माघारी धावले.

"रकान्यात अर्जदार म्हटलंय ना, म्हणून कॉम्प्युटरनं अर्जदाराचा फोटो उचलला," मुलगी म्हणाली. "काका, सरळ नाव का नाही लिहिलंत?"

घराच्या पाटीवर, रेशनच्या कार्डावर, पत्रिकांवर, सगळीकडे असंच तर चालत आलं होतं.

"आता लिहितो. द्या."

"आता दुरुस्ती. त्याला कलाकारानं स्वतः हजर राहायचं असतं."

"नियम बरोबर आहे," ते बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

आता ते रोज संध्याकाळी गाणी ऐकतात. अंगठ्यानं आपलं तोंड झाकून पाहिलं, तर पडदा दाबला जाऊन गाणं थांबतं. तिला ऐकायचं तर स्वतःकडे बघत बसावं लागतं. शेजारचे येतात, पडद्यात डोकावतात.

"वा! फोटो झकास आलाय हो तुमचा!"

गाणारीचं नाव काय, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. हेडक्लार्क वाट बघतात. उत्तर तयार आहे, स्वच्छ अक्षरात, दोन प्रतींत.

शेजाऱ्यांना हसू नका. इथवर वाचत आलात, तुम्ही तरी कुठं विचारलंत?