दाराआडचा सत्कार

सत्काराचे पाहुणे दारात आले आणि नेमके त्याच वेळी तरफसर न्हाणीघरात अडकले.

विद्यापीठात त्यांनी जन्मभर यंत्रशास्त्र शिकवलं. तरफेवर इतका जीव, की पोरांनी नावच तरफसर पाडलं. आज माजी विद्यार्थी संघ घरी येऊन त्यांना जीवनगौरव देणार होता. सर दाढीचा फेस धुवायला आत गेले, कडी लावली, आणि उघडताना तिची मूठच हातात आली. कडी आपली ढिम्म.

"अगं, ऐकतेस का?" सर हळूच म्हणाले.

"सगळेच ऐकतायत," बायको बाहेरून म्हणाली. "हॉलभर माणसं बसलीयत."

पूलवाला पुढे झाला. सरांच्या या विद्यार्थ्यानं खाडीवर पूल बांधून नाव काढलं होतं. "घाबरू नका सर! काकू, लांब दांड्याचं काहीतरी द्या."

काकूंनी उलथनं दिलं. त्यानं ते फटीत घालून जोर लावला. उलथन्याचे दोन तुकडे झाले, दार जसंच्या तसं.

"टेकू चुकला रे!" सर आतून ओरडले. "परीक्षेतही तिथंच चुकला होतास!"

मग रॉकेटवाली सरसावली. तिची यानं आभाळापार पोचली होती. "सर, मी उलटे आकडे मोजते. एकला आतून खांद्यानं धक्का द्या. तीन, दोन, एक!"

सरांनी धडक दिली. दार आतल्या बाजूला उघडतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सरांचा खांदा तेवढा सणकला.

सुतार फोनवर म्हणाला, "येतो तासाभरात." संघाच्या अध्यक्षांना पुढे दुसरा सत्कार होता. म्हणून खुर्च्या न्हाणीघरासमोर मांडल्या गेल्या. मानपत्र चौकटीसकट दाराखालून जाईना, तेव्हा चौकट काढून सरकवलं. ते थेट साबणाच्या पाण्यात उतरलं.

"मिळालं का, सर?"

"मिळालं. ओलं आहे, पण भावना पोचल्या."

भाषणं सुरू झाली. सर बादली पालथी घालून बसले.

"सर नसते," पूलवाला सद्गदित होऊन म्हणाला, "तर आज मी पुलाखाली असतो!"

सरांनी टॉवेलनं डोळे टिपले. हाताला चाळा म्हणून त्यांनी दातांचा ब्रश कडीखाली घातला आणि सहज दाबला. टेकू बरोबर बसला. टक्! कडी सरकली. सर उठले, केस सारखे केले, दाराला हात घातला.

"मीही दोन शब्द बोलते," बाहेरून बायकोचा आवाज आला.

सर थबकले. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं कुकरचं कौतुक केलं होतं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचंही केलं होतं. त्यांचं कधीच नाही. त्यांनी ब्रशनंच अलगद कडी परत लावली.

"यांना बाजारात पाठवलं तर पिशवी दुकानातच ठेवून येतात," ती म्हणाली. लोक हसले. "पण एखादं पोर नापास झालं, की हे जेवायचे नाहीत. म्हणायचे, 'मलाच नीट शिकवता आलं नाही.' तुमच्यातल्या कितीजणांपायी मी उपाशी झोपलेय, विचारू नका. पण माणूस मिळाला तो असा. माझी काही तक्रार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळी चहाकडे वळली. बायको मात्र दाराशी आली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"कडी निघालेली ऐकली मी. परत लावलेलीही ऐकली."

सर आतून दाराला कान लावून कुजबुजले,

"अगं, बोललीस ते... खरं ना?"

"बाहेर या, मग सांगते."

दार इतक्या झटकन उघडलं, की पूलवाला आणि रॉकेटवाली चहाचे कप हातात धरून बघतच राहिले.