पंचविसावी सही

हॉलिस पिंकहॅमचा चष्मा दुसऱ्या कोटाच्या खिशात राहिला होता, आणि ते त्याच्या ध्यानात आलं गावाच्या उकिरड्यावर पोचल्यावर. मार्चमधला शनिवार होता. बर्फ वितळून रस्त्यात घोटाभर चिखल झालेला. परत घरी जायचं तर ट्रक दोनदा तरी रुतणार. कचरा टाकायला चष्मा कशाला लागतो, असं पुटपुटत त्याने पिंप खाली उतरवलं.

तेव्हा मेन राज्यातल्या आमच्या नॉर्थ पेल्टनमध्ये शनिवारी उकिरड्यावर गेलं नाही, तर माणसाला आठवडाभर काही कळत नसे. कोण आजारी, कुणाची गाय व्याली, कुणाच्या मुलीने शहरात केस कापले, सगळं तिथेच समजायचं. हॉलिस तर आमचा आमदार. तीस वर्षांत त्याने एक शनिवार चुकवला नव्हता. दर दोन वर्षांनी जूनमध्ये पक्षाचे सभासद आपला उमेदवार निवडत, आणि त्या मतपत्रिकेवर एकच नाव असे, त्याचं. नोव्हेंबरात दुसरा पक्ष कुणाला तरी त्याच्यासमोर उभं करी. बहुधा त्यांच्या बैठकीला ज्याला यायला उशीर झाला असेल, त्याला.

गावाला त्याचा अभिमान होता आणि तो उगाच नव्हता. सत्तावन्न साली एकशे चौदा पानांच्या एका विधेयकात, एक्क्याण्णवाव्या पानावर, दोन कंसांच्या मध्ये, आमची अख्खी नदी एका कागद गिरणीला देऊन टाकली होती. बाकीचे आमदार हात वर करून जेवायला निघाले होते. हॉलिस तेवढा बसून वाचत राहिला. आज त्या नदीत मासे आहेत ते त्याच्यामुळे. पुढे प्रत्येक निवडणुकीत तो काडेपेट्या वाटायचा आणि त्यांच्यावर छापलेलं असायचं, "वाचल्याशिवाय सही नाही."

त्या शनिवारी उकिरड्यावर रोवेना थर्लोही आली होती. रोवेना शाळेची बस चालवायची. वय चाळीस, आवाज असा, की मागच्या बाकावरचं मूलही खिडकीतून हात आत घेई. नदीवरचा जुना पूल मोडकळीला आला म्हणून सहा वर्षांपूर्वी बंद केला होता, आणि पलीकडच्या वाड्यांतली मुलं अकरा मैलांचा वळसा घेऊन बसमध्येच झोपा काढत शाळेत येत. पुलाचं विचारलं की हॉलिस म्हणायचा, "माझं लक्ष आहे त्यावर." सहा वर्षं लक्ष होतं. शेवटी रोवेनाने ठरवलं, जूनमध्ये आपणच त्याच्यासमोर उभं राहायचं.

त्यासाठी पक्षाच्या पंचवीस सभासदांच्या सह्या हव्या होत्या, आणि सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत कागद राजधानीत, ऑगस्टाला पोचायला हवा होता. तीन आठवडे दारोदार फिरून तिच्याकडे चोवीस जमल्या होत्या.

"मत कुणाला देईन ते मला आणि पडद्याला ठाऊक," लोक म्हणत. "पण सही नको गं बाई. हॉलिसने आमच्या बाबांची पेन्शन करून दिली आहे. सही दिसते."

उकिरड्यावरच्या राखणदाराच्या खोपटाबाहेर एक टेबल असे. त्यावर एरवी चर्चच्या घेवडा-जेवणाची यादी ठेवलेली असायची. महिन्यातून एकदा चर्चच्या तळघरात सगळं गाव जेवायला जमे. कोण काय आणणार, ते यादीत लिहून सही करायची. त्या दिवशी वारा सुटला होता, म्हणून राखणदाराने यादी आत खिळ्याला लावली होती. टेबलावर होता रोवेनाचा कागद, दगडाखाली दाबलेला. ती स्वतः म्हाताऱ्या गॅमनबाईंची गादी ओढायला गेली होती.

हॉलिसला टेबलावर एक अंधुक, रेघा मारलेला कागद दिसला. तीस वर्षं दिसायचा तसाच. त्याने सही केली, पुढच्या रकान्यात नाव लिहिलं आणि त्याच्या पुढच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "दोन मडकी, पिवळ्या डोळ्यांचा घेवडा." दाण्यावर पिवळा ठिपका असलेला हा घेवडा म्हणजे त्याची खासियत. पण तो रकाना पत्त्याचा होता.

रोवेना परत आली, कागद पाहिला आणि जागच्या जागी उभी राहिली. हॉलिस पिंकहॅमची सही! वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस, त्याने आपल्याविरुद्धच्या अर्जावर सही केली! शिवाय पत्त्याच्या जागी जेवणाचं आमंत्रण. म्हणजे मनात काही राग नाही. तिचे डोळे भरून आले. दोन दिवस तिने हे कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी तिने कागद गावच्या कारकूनबाईंकडे, आर्डिस फिलब्रुककडे नेला. सही करणारे खरोखर पक्षाचे सभासद आहेत का, ते आर्डिसने मतदारयादीत पाहायचं असे. पंचविसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"पत्ता नीट लिहिलेला नाही," आर्डिस म्हणाली.

"मग बाद का?" रोवेनाने विचारलं.

"बाद कशी होईल? मतदार कोण, हे मला कळलं म्हणजे झालं. पिवळ्या डोळ्यांचा घेवडा या गावात दुसरं कोण शिजवतं?" आणि तिने शिक्का मारला.

साडेचारला कागद ऑगस्टात दाखल झाला. मंगळवारी सकाळी एका वार्ताहराने तो चाळला, आणि सव्वानऊला पिंकहॅमांच्या स्वयंपाकघरात फोन वाजला.

"आमदारसाहेब, तुम्ही तुमच्याच विरोधकाच्या अर्जावर सही केलीत?"

"छे! भलतंच काय?"

"कागद माझ्या हातात आहे. नाव तुमचं, सही तुमची. मग न वाचता केलीत की काय?"

हॉलिसने एका क्षणात जे उत्तर दिलं, ते देण्याआधी दोन क्षण थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती.

"मी न वाचता सही करत नाही," तो ताडकन म्हणाला.

"म्हणजे तुमचा त्यांना पाठिंबा आहे?"

"आं... माणसाला विरोधक असावा. लोकशाहीला बरं असतं."

"आणि पत्त्याच्या जागी घेवडा?"

"ते आमंत्रण आहे," हॉलिस म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला. कपाळ पुसायला रुमाल काढावा म्हणून त्याने खुंटीवरच्या कोटात हात घातला, तर हातात चष्मा आला. त्याची बायको व्हर्ना चुलीपाशी उभी होती.

"शनिवारपासून तो त्याच कोटात आहे," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास, उकिरड्यावर चाललोय. मला काय माहीत तिथे राज्यकारभार चालतो!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी: "तीस वर्षांच्या आमदाराने प्रतिस्पर्ध्याला वाट दिली." आणि गाव फुगलं. दुकानात त्याच्याकडून कॉफीचे पैसे घेईनात. शाळेतल्या मुलांनी चित्र काढून पाठवलं, त्यात हॉलिस आणि रोवेना हातात हात घालून पुलावर उभे होते. पूल मात्र फार लांब काढलेला. शेजारच्या गावचे लोक विचारत, "तुमचा आमदार खरंच असा आहे?" आणि आम्ही खांदे उडवून म्हणायचो, "आहेच तसा. तुमचा नाही का?"

ऑगस्टाहून पक्षाच्या पुढाऱ्याचा फोन आला. "हॉलिस, वेडा झालास का? हरकत घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. सही चुकून झाली असं लिहून दे. एक सही गेली की तिचा अर्ज गेला. तू पुन्हा एकटा."

"बघतो," हॉलिस म्हणाला.

व्हर्ना म्हणाली, "लिहून दे आणि मोकळा हो. वयच झालंय, चष्मा विसरतो माणूस."

"आणि काडेपेट्या? गावातल्या प्रत्येक चुलीपाशी माझी काडेपेटी आहे, व्हर्ना."

"मग हर."

"हरायचंही नाही मला," हॉलिस म्हणाला आणि गुरुवारी रात्री जेवला नाही.

शुक्रवारी सकाळी मुलांना शाळेत सोडून रोवेना ती पिवळी बस घेऊनच पिंकहॅमांच्या अंगणात आली. दारातच उभी राहिली, बूट चिखलाने भरलेले म्हणून.

"मिस्टर पिंकहॅम, उकिरड्याचा राखणदार म्हणतो, त्या दिवशी तुमच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता."

हॉलिसने खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं.

"मला वाटलं होतं तुम्ही वाचून सही केलीत. तीच पंचविसावी होती. तुम्ही एकदा सांगा, चूक झाली. मी आज अर्ज मागे घेते. घरच्या अडचणीमुळे म्हणून सांगेन. तुमची सही, तुमचा शब्द, कशाला धक्का लागणार नाही. फसवून मिळवलेल्या जागेवर मला उभं राहायचं नाही."

आता बघा, हवं ते सगळं दारात चालत आलं होतं. जागाही राहत होती आणि काडेपेट्याही. हॉलिसने फक्त मान हलवायची होती. त्याने मान वर केली तर दारामागे ती बस दिसली, आणि बसच्या अंगावर खिडक्यांपर्यंत उडालेला अकरा मैलांचा चिखल.

"कागद वाचला होता," हॉलिस म्हणाला.

व्हर्नाच्या हातातला डाव खाली पडला.

"वाचला होता? मग सही का केलीत?"

आता कारण द्यायला हवं होतं. हॉलिस खाकरला. "सहा वर्षं मी म्हणतोय, पुलावर माझं लक्ष आहे. तू रोज दोनदा तो वळसा घेतेस. माझ्यापेक्षा तू मोठ्याने विचारशील. म्हणून केली." बोलून झालं आणि त्याला जाणवलं, की या आठवड्यात आपण बोललेलं हे पहिलंच खरं वाक्य.

रोवेनाने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि चिखलासकट बसमध्ये जाऊन बसली. मुदत पाच वाजता संपली.

पुढचे तीन महिने मोठे चमत्कारिक गेले. हॉलिसला जिंकायचं होतं. त्यासाठी तो घरोघर जायचा. पण प्रत्येक घरात पहिला प्रश्न तोच. "हॉलिस, एवढा मोठेपणा! तिच्यात असं पाहिलंस तरी काय?" मग त्याला सांगावं लागे: कष्टाळू आहे, कुणाला भीत नाही, मुलांची नावं पाठ आहेत तिला. सांगता सांगता तो रंगून जाई आणि स्वतःसाठी मत मागायचं राहूनच जाई. व्हर्ना मागे फिरून त्याच घरांत सांगे, "तो काहीही म्हणो, मत त्यालाच द्या." रोवेनाचंही तेच. सभेत उभी राहिली की आधी दहा मिनिटं सत्तावन्न सालची नदी सांगायची. लोक टाळ्या वाजवायचे आणि कुणासाठी वाजवल्या याचा घरी जाताना विचार करायचे. नॉर्थ पेल्टनमध्ये कुणी कुणाला एक वाईट शब्द बोललं नाही अशी ती निवडणूक. मी बऱ्याच पाहिल्या, तशी दुसरी पाहिली नाही.

जूनमध्ये मतदान झालं. एरवी शंभर माणसं यायची. त्या दिवशी आठशेवर आली. काठी टेकत आली, गवताच्या गाडीतून आली, एक बाई लग्नाच्या कपड्यांत आली. मोजणी संपली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. आर्डिस खुर्चीवर चढली.

"हॉलिस पिंकहॅम, चारशे आठ. रोवेना थर्लो, चारशे बारा."

सभागृहात कुणाला ओरडावं की रडावं ते कळेना. आर्डिसने खुर्चीवरूनच विचारलं, "हॉलिस, फरक चारचा आहे. पुन्हा मोजून मागायचा तुझा हक्क आहे."

"मागतो आम्ही!" व्हर्ना उठलीच.

हॉलिसने तिची बाही ओढून तिला खाली बसवलं. "नको. मोजलेलं बरोबर आहे."

"तुला काय माहीत?"

"त्यातलं एक माझं आहे."

"तिच्या मतांतलं?"

"तीन महिने सगळ्या गावाला तिचे गुण सांगितले, व्हर्ना. आत गेलो, पडदा ओढला. खोटं पाडू का स्वतःला?"

व्हर्नाने त्याच्या कोटाची कॉलर उगाचच सारखी केली. हॉलिस उठला आणि सगळ्यांच्या मधून चालत रोवेनाकडे गेला. तीस वर्षांत निवडणुकीच्या दिवशी त्याचं अभिनंदन सगळ्यांनी केलं होतं. त्याने दुसऱ्याचं केलं ते पहिल्यांदा. तेही त्याला छान जमलं. लोक बाकांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि या खेपेला कुणासाठी, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

रोवेना मात्र खाली मान घालून उभी होती. बसमधला तो आवाज पार कुठे गेला होता.

"मिस्टर पिंकहॅम, एक सांगायचंय. रागावू नका. मी मत तुम्हाला दिलं."

"मला?"

"आपल्याच नावापुढे खूण करायला हात धजेना हो. आणि तुमचं नाव समोर."

तेवढ्यात मागून व्हर्ना आली, तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पर्स काखेत मारली.

"म्हणजे तुम्ही दोघं दिवसभर घरी झोपून राहिला असतात तरी फरक चारचाच!" ती म्हणाली. "चला आता दोघंही. पुलाचे कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर सहा वर्षं पसरलेत, ते उचलून घेऊन जा, म्हणजे मला ताटं मांडता येतील."