चाचींच्या चहाला जागा

गफूरचाचा कुठल्याही नव्या ठिकाणी गेले की आधी डोळे मिटतात. लोक जागा बघतात, हे जागा ऐकतात. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवात शिरल्या शिरल्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि हात वर करून म्हणाले, "गप! ऐकू द्या." माझे व्याही घाबरले, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. चाचांनी डोळे उघडले आणि जाहीर केलं, "जनरेटरचा पट्टा तुटणार हाय." पंगत बसायला आणि पट्टा तुटायला एकच गाठ पडली. तेव्हापासून व्याही त्यांना लांबूनच सलाम ठोकतात.

बीडमध्ये जन्मभर त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या. आता गॅरेज पुतण्याकडं दिलंय, पण कान काही रिटायर झाले नाहीत. माझी स्कूटी गल्लीच्या तोंडाशी आली की शेजारच्या ओट्यावरून हाक येते, "सुनंदा बेटी, ब्रेक घासतोय!" मी शाळेत मास्तरीण. वर्गभर पोरांना गप्प बसवते, आणि घरी आले की हे मला गप्प बसवतात.

तर ह्या चाचांच्या डोक्यात गेल्या दिवाळीनंतर एक खूळ शिरलं. विलायती चहा.

त्यांची मुलगी नसीम इंग्लंडात नर्स आहे. चाचा-चाची मध्यंतरी तिच्याकडं राहून आले. तिथं एका दुपारी जावई चाचांना कुठल्याशा बागेत चहाला घेऊन गेला. नातू तापानं फणफणला होता, म्हणून हमीदाचाची घरीच राहिल्या.

"पांढरं कापड अंथरलेलं," चाचा सांगत होते. "तीन मजली ताट. काकडीचं सँडविच, त्याच्या कडा कापून टाकलेल्या. अन् बाया, बेटी! तुझ्या चाचीच्या वयाच्या बाया खुर्चीत बसून गरम चहा पिऊ लागल्यात. उठायचं नावच घेईनात!"

"आणि तुम्ही?"

"मी एकटाच बसलो. घशाखाली उतरंना बघ."

हे मात्र मला पटलं. हमीदाचाचींना बसून चहा पिताना मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. गॅरेजवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी चहा पाजला. स्वतःचा कप मात्र सगळ्यांचं झाल्यावर, उभ्यानं, गार. त्या कुणाकडं पाहुण्या म्हणून गेल्या तरी थोड्या वेळानं यजमानांच्याच स्वयंपाकघरात सापडतात.

"एकदा तरी हमीदानं बसून गरम चहा प्यावा," चाचा म्हणाले. "तिच्या वाढदिवसाला."

आता वाढदिवस कधी हे चाचींनाच ठाऊक नाही. आधार कार्डावर एक जानेवारी पडलाय, जसा आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा पडलाय. चाचा म्हणाले, "सरकारनं दिलेला हाय, फुकट काहून घालवायचा?" आणि लगेच कामाला लागले. लोखंडी दांडीवर स्टीलच्या तीन ताटल्या वेल्ड करून त्यांनी तीन मजली ताट घरीच बनवलं. चांगलं मजबूत. त्यावर बाळंतविडा ठेवा नाहीतर टायर ठेवा.

राहिली जागा. ती शोधायला चाचांच्या जुन्या जीपमधून मी बरोबर. म्हणे, शिकलेली बाई संगं असली की लोक नीट बोलतात.

पहिलं गाठलं एक मंगल कार्यालय. मॅनेजरनं विचारलं, "नवरदेव कोण?"

"मी," चाचा म्हणाले.

मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं. मी पदर सावरला आणि तडक व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आत पुढं चाललंच होतं. "माणसं किती?" "पाच." "पाचशे?" "पाच!" मॅनेजर बिचारा बुंदी की जिलबी एवढं विचारायच्या बेतात होता. चाचांनी डोळे मिटले, ऐकलं आणि उठले. "न्हाई जमत."

मांजरसुंब्याच्या एका ढाब्याला हिरवळ होती, झोपाळा होता. मालक मोठ्या मनाचा, चहासोबत शेवभाजी द्यायला तयार. चाचांनी डोळे मिटले. न्हाई जमत.

मग कडा गावात, त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बंगल्यावर. काय सांगू, असं गवत मी जिल्ह्यात कुठं पाहिलं नव्हतं. कापलेलं, ओलं, पोपटी. मी तर चपला काढून चाललेसुद्धा. घरधनी म्हणाला, "चाचा, बंगला तुमचाच समजा." चाचा बसले, डोळे मिटले, आणि मान हलवली.

जीपमध्ये बसताच माझा पारा चढला. "चाचा, अहो चहा काय आता ढगात बसून प्यायचा? ह्या गवताला काय धाड भरली होती?"

"गवत लई झ्याक हाय," ते हळूच म्हणाले. "पर मागून भांड्याचा आवाज येतोय. तू न्हाई ऐकला? भांडं वाजलं की ती उठती, बेटी. नसीमच्या लग्नात नवरीची माय असून पातेली इसळीत बसली होती. मला अशी जागा पाहिजे जिथं भांडं वाजणार न्हाई."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मग मीसुद्धा कान देऊन जागा बघायला लागले.

शेवटी पाली गावाजवळ, धरणाच्या अंगाला, बबनराव म्हणून त्यांच्या दोस्ताची सीताफळाची बाग मिळाली. घर बागेपासून लांब. चाचा झाडाखाली बसले आणि बराच वेळ डोळे मिटून राहिले. वारा होता, पाखरं होती, बाकी काही नाही. "हितं," ते म्हणाले, आणि पोरासारखे हसले.

एक जानेवारीला दुपार कलल्यावर असरची नमाज उरकून आम्ही निघालो. सँडविच मी केले, चहा माझ्या थर्मासात. नव्या चादरीचं टेबलक्लॉथ झालं. चाची मोतिया रंगाची साडी नेसून खुर्चीत अशा अवघडून बसल्या होत्या, जणू फोटो काढायचाय. पहिला प्रश्न त्यांचाच, "ह्या सँडविचच्या कडा कुठं गेल्या?" मी म्हटलं, घरी डब्यात आहेत. तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

मी चहा ओतला. चाचींनी कप उचलला. चाचा श्वास रोखून बघत होते. कप ओठाला लागणार, एवढ्यात झाडांमागून ठण्ण!

बबनरावांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, बांधावर तीन दगडांची चूल पेटवली होती. "पाहुणे आमच्या बागेत येत्यात अन् चहा घरून आणून पेत्यात?" त्या तिथूनच ओरडल्या. "लोक शेण घालतील की आमच्या तोंडात!"

चाचींचा कप खाली, चाची उभ्या. मी "अहो चाची, बसा ना" म्हणेपर्यंत त्या चुलीपाशी पोचून काटक्या सारत होत्या. चाचांचं तोंड एवढंसं झालं. एवढी वणवण केलेला माणूस, मला बघवेना. ते कप हातात घेऊन मागोमाग गेले. "हमीदा, गार होतोय. आज तरी काम सोड."

दोघांचं आपसातलं बोलणं दखनी उर्दूत चालतं. मी आपल्या भाषेत सांगते.

चाची म्हणाल्या, "कामाला कोण उठतंय? चुलीपाशी बाया बोलतात माझ्याशी. तुमच्याजवळ बसून काय करू? तुम्ही डोळे मिटता, म्हणता गप. मग मी काय कपाशी बोलू?"

कौसल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मी थर्मासाचं झाकण उगाच फिरवत राहिले. चाचा कप घेऊन तसेच उभे. मग त्यांनी कप बांधावर ठेवला, गुडघ्यावर हात देऊन कसेबसे चुलीजवळ मातीत बसले, आणि शेजारी बारदान पसरलं.

चाची बसल्या. कौसल्याबाईंनी आल्याचा उकळता चहा दिला. चाचींनी तो फुंकून, बशीत ओतून, गरम गरम प्यायला. मग आपणहून बोलायला लागल्या.

"नसीमच्या स्वयंपाकघरातून समोरच्या घराची खिडकी दिसायची. तिथं एक गोरी म्हातारी. एकटीच असायची. तुम्ही जावयासंगं चहाला गेलात ना, त्या दुपारी मी खिडकीत उभी राहून चहा पीत होते. तिनं तिकडून आपला कप वर केला. मीसुद्धा केला. मग रोज. दुपार झाली की ती तिकडं, मी इकडं. नाव काही कळलं नाही. निघायच्या दिवशी मी मुद्दाम हीच साडी नेसून खिडकीत गेले."

चाचांचे डोळे टक्क उघडे होते, चाचींच्या तोंडाकडं.

"अन् मग?" त्यांनी विचारलं.