खोली क्रमांक चारमधली धार

‘मौजे बोरखडी येथे अवघ्या चार फूट खोलीवर कठीण दगड लागून पुरेसे पाणी व अखंड धार उपलब्ध झाल्याने सदर गावाचा टँकर बंद करण्यात येत आहे.’

नव्या जिल्ह्याच्या पहिल्या आठ महिन्यांच्या प्रगतीची जी गुळगुळीत पुस्तिका निघाली, तिच्या अकराव्या पानावर हे वाक्य आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. त्यातले दगड, खोली, पाणी आणि धार हे चारही शब्द बोरखडीहून आलेल्या कागदावर खरोखरच होते. ‘फूट’ तेवढा जिल्ह्याने पदरचा घातला. पाणी देणे जमत नसेल तर निदान शब्द तरी द्यावा, हे औदार्य नवजात जिल्ह्याला शोभणारेच आहे.

बोरखडीत त्या वर्षी चार फुटांवर काय, चाळीस फुटांवरही ओल नव्हती. गावविहिरीच्या तळाशी शेळ्या पायऱ्या उतरून सावलीला बसत. दगड मात्र आला होता. तो जमिनीतून आला नव्हता, नांदेडच्या बाजारातून एसटीने आला होता आणि सगळा प्रवास त्याने विरूपाक्ष कोरे यांच्या मांडीवर बसून केला होता.

कोरे हे बोरखडीच्या निवासी शाळेचे मुख्याध्यापक. सव्वीस वर्षांच्या नोकरीत आपण कागदावर एकही खोटे अक्षर लिहिलेले नाही, असे ते सांगत, आणि ते खरे होते. त्यांचा बाकीचा वेळ स्वप्नात जाई. खडू हातात घेऊन फळ्यासमोर ते असे थबकत की वर्गाला वाटे, गुरुजी फळ्यातून पलीकडे बघत आहेत.

दगडाच्या या स्वप्नाला सुरुवात झाली ती एका भोपळ्यापासून. शाळेचा स्वयंपाक पंचशीलाबाई करत. वय तेवीस, आणि जीभ शाळेतल्या कुठल्याही सुरीपेक्षा तिखट. एके दिवशी त्या लाल भोपळा काखेत आणि सुरी हातात घेऊन थेट वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

“गुर्जी, ही सुरी भोपळ्याला गुदगुल्या करून राहिली. साठ पोरांचं जेवण हाय. दातानं फोडू का?”

“धार लावून घेऊ,” कोरे म्हणाले.

“कुठून? उदगीरकडला धारवाला यंदा फिरकला न्हाई. रानात कापायलाच काय न्हाई, तर विळ्याला धार कोण लावतंय?”

किरकोळ साहित्याच्या खात्यात तीस रुपये होते. तेवढ्यात धार कशी बसवावी, यावर कोऱ्यांनी जे चिंतन केले, तेवढे नव्या जिल्ह्याच्या आखणीवर कोणी केले असते तर तहसील कचेरी शेंगांच्या गोदामात भरली नसती. हाताने फिरवायचे सहाणेचे चाक तिसाच्या दुप्पट. शिवाय ते फिरवायला दुसरा माणूस हवा. कानस स्वस्त, पण ती सुरीला सोलते, शिकवत नाही, असे त्यांचे मत पडले. शेवटी दगड ठरला. नांदेडच्या दुकानदाराने दोन दगड पुढे ठेवले. एक तेलावर चालणारा, एक पाण्यावर.

“तेलाला पैसे पडतात,” कोरे म्हणाले. “पाणी फुकट.”

हा हिशेब बिनचूक होता. तो दुष्काळाच्या वर्षी, टँकरवर जगणाऱ्या गावासाठी केला, एवढाच काय तो दोष.

परतीच्या वाटेवर कंधार गेले आणि दुपारच्या उन्हात गाडीचा पत्रा गुणगुणू लागला. मांडीवरचा दगड कोमट झाला. अर्धवट मिटल्या डोळ्यांपुढे कोऱ्यांना एक कांदा दिसला. आपण त्याची चकती कापतो आहोत. ती इतकी पातळ की तिच्यातून ऊन आरपार जाते आहे, आणि कांद्याला आपण कापले गेल्याचा पत्ताच नाही. अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते.

दगड पातेल्यात दहा मिनिटे बुडवायचा असे. बुडवला की त्यातून बारीक बुडबुडे येत, एखादे मूल झोपेत पुटपुटावे तसे. कोरे मांडी घालून ते ऐकत बसत. मग सुरी तिरकी धरून संथपणे ओढत. एकदा पुढे, एकदा मागे. तासभर.

“दगडाला पाणी पाजून राहिले, अन् पोरांना पेल्यानं मोजून,” पंचशीलाबाई भिंतीला सांगत. भिंत ऐके.

शाळेची मोठी टाकी दिवाळीपासून कोरडी होती. टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा आणि सहा पिंपे भरून जायचा. तरीही हल्ली पहाटे कोऱ्यांना साखरझोपेत टाकीच्या बाजूने एक आवाज ऐकू येई. सरसर, सरसर. टाकीत पाणी पडते आहे, असे ते स्वप्न होते. ते इतके गोड की डोळे उघडून त्याची शहानिशा करण्याचा कोरडेपणा त्यांना कधी करवला नाही.

आणि सुरीला धार आली. अशी की भोपळा तिच्याकडे बघूनच दुभंगावा. कोऱ्यांना कृतार्थ वाटले.

खरेदी झाली की पूर्तता अहवाल पाठवावा लागतो. अहमदपूरच्या कचेरीतले शेषेराव कारकून छपराकडे बघून म्हणाले, “खरेदीचे छापील नमुने जुन्या जिल्ह्याकडंच राहिले, गुर्जी. आपल्या वाटणीला विहीर खोदकामाचे आले. धा गठ्ठे. त्याच्यावरच भरून द्या.”

“पण रकाने वेगळे आहेत.”

“रकाने भरल्याशी मतलब. कागद कोरा जाऊ नये म्हणजे झालं. तुमचं आडनावच कोरे, माझी पंचाईत व्हायची.”

कोऱ्यांनी रकाने भरले, आणि सवयीप्रमाणे खरे भरले. दगड: कठीण. पाणी: दहा मिनिटांत पुरेसे. धार: बारीक, पण अखंड, सकाळ-संध्याकाळ टिकते. ‘खोली’ या रकान्यापाशी ते क्षणभर अडखळले. दगड ठेवला होता स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघर म्हणजे खोली क्रमांक चार. त्यांनी लिहिले: ४.

पंधरा दिवसांनी टँकर आला नाही. त्याऐवजी टपालाने टँकर बंद केल्याचा हुकूम आला.

चौथ्या दिवशी सहावे पिंप खरवडायची वेळ आली. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर होती. शनिवारपर्यंत पाणी आले नाही तर मुलांना घरी पाठवावे, असे ठरले. काहींनी पत्र्याच्या पेट्या बांधल्याही.

“घरी गेलेलं पोर माघारी येत न्हाई, गुर्जी,” पंचशीलाबाई म्हणाल्या. या वेळी भिंतीला नव्हे. “बहात्तर साली मी चौथीत व्हते. चार दिसासाठी म्हणून नेलं अन् खडी फोडायला बसवलं. ते चार दिस अजून संपले न्हाईत.”

कोऱ्यांनी तीन अर्ज पाठवले. तिन्हींचे उत्तर शुक्रवारी एका जीपमधून आले. त्यातून हुकमावर सही करणारे साहेब उतरले, शेषेराव उतरले, एक फोटोवाला उतरला, आणि झेंडूचा हार व नारळ घेऊन शिपाई उतरला. चार फुटांवर लागलेल्या पाण्याचे जलपूजन होते.

“कुठे आहे धार?” साहेबांनी विचारले.

कोऱ्यांचा चेहरा उजळला. सव्वीस वर्षांत त्यांचा अहवाल वाचून कोणी बघायला आले नव्हते. “खोली क्रमांक चारमध्ये, साहेब. वहाणा तेवढ्या बाहेर काढाव्या लागतील. स्वयंपाकघर आहे.”

झरा स्वयंपाकघरातच फुटला, हे ऐकून फोटोवाल्याने फिल्म बदलली. सगळे आत गेले. चुलीशेजारी पातेले होते.

“हा दगड,” कोरे म्हणाले.

“आणि पाणी?”

“ते त्याच्या अंगाभोवती. दहा मिनिटांत पुरेसे होते.”

साहेब पातेल्यात वाकून बघत राहिले. मग अगदी हळू विचारले, “धार?”

पंचशीलाबाईंनी सुरी पुढे केली. “ही घ्या. बोट लावून बघू नका, साहेब.”

अधिकाऱ्याला जे करू नका म्हणावे ते तो आधी करतो, म्हणूनच तो अधिकारी होतो. साहेबांनी अंगठा लावला. अंगठ्याला कळायच्या आत धार लागली. या वेळी लाल.

“पाणी आणा!”

कोणी हलले नाही.

“पाणी तुम्ही बंद केलंय,” पंचशीलाबाई म्हणाल्या. “तुमचीच सही हाय. आता हे दगडाचं उष्टं तेवढं शिल्लक हाय.”

पातेल्यातले पाणी राखेसारखे करडे होते. शेवटी शेषेरावांनी नारळ उंबऱ्यावर आपटला आणि त्याचे पाणी साहेबांच्या अंगठ्यावर ओतले. जलपूजन झाले ते एवढेच. फोटो चांगला आला.

अंगठ्याला रुमाल बांधून साहेब खुर्चीवर बसले. “पुस्तिका छापून झाली आहे. तिच्यात कार्यालयाची चूक निघू शकत नाही. तुम्ही शासनाला खोटी माहिती दिली, एवढे लिहून द्या. टँकर उद्या सुरू.”

“मी एक अक्षरही खोटे लिहिलेले नाही,” कोरे म्हणाले.

“मग अहवाल खरा?”

“खरा.”

“अहवाल खरा, तर पाणी खरे. मग टँकर कशाला?”

तर्काच्या इतिहासात याहून हिंस्र अनुमान क्वचितच इतक्या शांतपणे मांडले गेले असेल. कोऱ्यांनी शेषेरावांकडे पाहिले. ‘फूट’ ज्यांनी घातला होता ते शेषेराव नारळाची करवंटी निरखत होते.

कोरे पडवीत आले. पेट्यांवर बसलेली मुले त्यांच्याकडे बघत होती.

“लिहून टाका की, गुर्जी,” मागून पंचशीलाबाई आल्या.

“खोटे बोललो नसताना खोटे बोललो असे लिहायचे, हेच खोटे नाही का?”

“आता काय म्हणावं तुम्हाला.” त्यांनी पदराने तोंड पुसले. “गुर्जी, रागावू नका. धार त्या दगडाची न्हाई.”

“म्हणजे?”

“तुम्ही तासभर घासली की सुरी लाकडासारखी व्हायची. रोज पहाटे मी टाकीत उतरायची. तळाला काळा दगड हाय, त्याच्यावर घासायची. खडी फोडताना पाहिलेला, कोणता दगड लोखंड खातो ते. तुमचं मन मोडंल म्हणून बोलले न्हाई.”

सरसर, सरसर. कोऱ्यांना तो आवाज पुन्हा ऐकू आला. महिनाभर पहाटे पडत असलेले ते पाणी हळूहळू आटले आणि त्याच्या जागी एक काळा, कोरडा तळ उरला. त्यावर बसलेली एक तेवीस वर्षांची बाई दिसली. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण शांती आली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हातून एक खोटे अक्षर लिहिले गेले होते, आणि तेही वेळेवर.

त्यांनी पेन उघडले. तो जबाब आजही फायलीत आहे. तो असा:

“मी, विरूपाक्ष मलप्पा कोरे, कबूल करतो की ‘धार’ या रकान्यात मी शासनाला खोटी माहिती दिली. सदर धार सदर दगडाची नाही. सदर दगडाने महिनाभरात चार घागरी पाणी पिऊन सुरी अधिकच बोथट केली. धार आमच्या पंचशीलाबाई शाळेच्या कोरड्या टाकीत उतरून तळाच्या दगडावर लावतात. तरी उद्या टँकर पाठवताना सहा पिंपांवर न थांबता ती टाकी काठोकाठ भरून द्यावी. टाकी भरली की धार बंद पडेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. भोपळ्याचे आम्ही बघून घेऊ.”