खोब्रागडे काकांचे तीन दोर

मी खोब्रागडे काकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या दारासमोरच्या मेपलला लटकलेले होते. अमेरिकेत, नोव्हाय गावी राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. रविवारची दुपार होती. वैशाली कचरा टाकायला बाहेर गेली आणि तशीच आत आली. म्हणाली, "सतीश, समोरच्या झाडावर एक माणूस आहे. चहा पितोय."

बाहेर जाऊन बघतो तर खरंच. पन्नाशीतला, सावळा, बारीक, डोक्यावर लोकरीची माकडटोपी. कमरेभोवती पट्ट्यांची काहीतरी झोळी, ती दोराने खोडाला बांधलेली, आणि हे गृहस्थ झोपाळ्यावर रेलावं तसे पाय खोडाला लावून हवेत बसलेले. हातात थर्मासचं झाकण.

"नमस्कार," ते वरूनच म्हणाले. "मी वसंत खोब्रागडे. नागपूरचा. तुमच्या बाजूलेच राहतो. घाबरू नका, शिलाई टेस्ट करून राहिलो."

काका सीटबेल्टच्या कारखान्यात टेस्टिंग इंजिनियर होते. बेल्टचे पट्टे तुटेपर्यंत ओढायचे आणि कुठे तुटले ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते ती कुठे तुटेल याच नजरेने बघत. पण त्यांचा खरा जीव होता दोरांवर. गॅरेजमध्ये गाडीला जागा नव्हती, कारण तिथे दोर होते. खुंट्यांवर टांगलेले, टोकं वितळवून बंद केलेली, प्रत्येकाला कापडाची चिठ्ठी शिवलेली.

हे सगळं झाडावरच्या शिकारीसाठी. आपल्याकडे शिकार म्हटलं की मचाण आठवतं. इथे हरणाच्या शिकारीला लोक धनुष्यबाण घेऊन, झाडावर लोखंडी पाट अडकवून बसतात. काका आणि त्यांचा दोस्त रॉय मात्र झोळीवाले. अंगावर झोळी चढवायची, खोडात फिरवून लोखंडी पायऱ्या बसवत वर जायचं आणि दोरावर भार टाकून तासन् तास बसायचं. झोळी काकांनी कारखान्यातल्या टाकाऊ पट्ट्यांची स्वतः शिवलेली. त्यांच्या प्रमिलाबाईंच्या शिलाई मशीनवर. काकू आम्ही येण्याच्या आधीच वारल्या होत्या. बैठकीत बुद्धाच्या लहानशा मूर्तीशेजारी त्यांचा फोटो होता. काका त्यांच्याविषयी कधी बोलत नसत आणि विचारायची कुणाची हिंमत होत नसे.

दोर तीन. नावंही काकांनीच ठेवलेली. चढताना खोडाभोवती असतो तो कमरदोर. वर पोचल्यावर ज्याच्यावर बसायचं तो माथदोर. खाली ठेवलेलं धनुष्य वर ओढून घ्यायचा तो खेचदोर. झोळीला पिशव्या होत्या: कमरदोर डाव्या पिशवीत, माथदोर उजव्या, खेचदोर मागे. यात फरक झालेला त्यांना चालत नसे.

"पहाटे अंधार राहते. टॉर्च लावता येत नाही. हात गेला पाहिजे," ते म्हणत. हे 'हात गेला पाहिजे' त्यांचं पालुपद. आमच्या स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबेसुद्धा त्यांनी एकदा याच तत्त्वावर लावून दिले. वैशालीला पुढे महिनाभर हळद सापडत नव्हती.

दोराचं वेटोळं केलेलं त्यांना बघवत नसे. "काहून गुंडाळता? टोकापासून पिशवीत कोंबत जा. आत कसाही पडू द्या त्याले. बाहेर येताना सरळ येते." एकदा मी गुंता झालेला दोर हिसकायला गेलो तर त्यांनी हात धरला. "ओढू नको रे. विचार त्याले." आणि खरोखर त्या गुंत्याशी बोलल्यासारखं पुटपुटत त्यांनी तो सोडवला.

मराठी मंडळात ते प्रसिद्ध होते, पण हसण्यावारी. पिकनिकला रस्सीखेच ठेवली होती. काकांनी रस्सी हातात घेऊन तपासली, म्हणाले, "हा दोर कपडे वाळवायचा आहे, याच्यावर माणसं लावू नका," आणि खेळ बंद पाडला. दिवाळीच्या कार्यक्रमात तर कहर झाला. शाळेच्या जिममध्ये पडदा बांधायला काका शिडीवर चढले. बास्केटबॉलच्या लोखंडी चौकटीला त्यांनी स्वतःला आधी बांधून घेतलं. कुणीतरी शिडी उचलून नेली. तेवढ्यात स्वागतगीत सुरू झालं. मग अध्यक्षांचं भाषण. काका पडद्याच्या वर शांत लटकून होते. पहिल्या रांगेतल्या लहान मुलांना ते दिसत होते, ती वर बघून हात हलवत होती आणि अध्यक्षांना वाटत होतं मुलं आपल्यालाच हात करताहेत. हाक का नाही मारली असं विचारल्यावर काका म्हणाले, "चांगलं बोलून राहिले होते बिचारे."

वैशालीने एकदा त्यांना सरळ विचारलं, "काका, तुम्ही बौद्ध ना? मग शिकार कशी चालते?"

"मी कुठं शिकार करतो पोरी? मी धनुष्याले हात नाही लावत. शिकार रॉयची. मी दोरवाला."

म्हणजे हा माणूस दर शरद ऋतूत, शनिवारी-रविवारी पहाटे उठून, दोघांचे दोर लावायचा, वाहून न्यायचा, रॉयला एका झाडावर चढवायचा आणि स्वतः शेजारच्या झाडावर नुसता बसायचा.

रॉय त्यांच्या पलीकडच्या घरात राहत असे. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला, सहा फुटी, मितभाषी म्हातारा. त्याच्या चुलतभावाचं शेत होतं गावाबाहेर, शेताच्या कडेला ओकचं रान. तिथे हे दोघे जात. काकांना तो 'व्हॅस' म्हणे. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत दोघे जवळजवळ रिकाम्या हातांनीच परत येत. काका वाऱ्याला दोष देत. रॉय काहीच म्हणत नसे. दोर उतरवून घरात जाई.

मग रॉयचे हात थरथरायला लागले.

आधी कॉफीचा कप हिंदकळायचा, पुढे शर्टाचं बटण लागेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. त्या वर्षी रॉय म्हणाला की आता दोर विकून टाकतो. काकांनी ते ऐकलंच नाही असं केलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गॅरेजमध्ये शिलाई मशीन चालू झालं.

मी आत डोकावलो तेव्हा ते रॉयच्या माथदोरावरची गाठ सोडून तिथे मोठी कडी शिवत होते. गाठ मारायचं कामच उरू नये म्हणून. दोराच्या टोकाला त्यांनी लोकर गुंडाळली होती, न बघता बोटांना कळावी अशी. पिशव्यांची तोंडं रुंद केली होती.

"रॉयसाठी का?" मी विचारलं.

"त्याच्यासमोर असं बोलू नको," काका म्हणाले. "मी त्याले सांगितलं, थंडीत माझीच बोटं आखडतात. म्हणून दोघांचेही बदलून राहिलो."

आणि खरंच त्यांनी स्वतःच्या दोरांनाही तशाच कड्या शिवल्या. त्यांची बोटं ठणठणीत होती.

पुढच्या वर्षी रॉयला उंच चढवेना. काकांनी शोध लावला की वर बसलं की माणसाचा वास लांब जातो, हरणं बिचकतात, तेव्हा थोडं खाली बसणं बरं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी खाली. रॉय मुकाट्याने ऐकत होता. तो लहानपणापासून त्या रानात शिकार करत आला होता, त्याला वाऱ्यातलं कळत नव्हतं असं नाही.

शेवटच्या वेळी मीही बरोबर गेलो, कारण रॉयला गाडीतून झाडापर्यंत नेणं एकट्याचं काम राहिलं नव्हतं. ऑक्टोबर सरत आला होता. बेव्हर्लीने, म्हणजे रॉयच्या बायकोने, त्याच्या अंगावर तीन स्वेटर चढवले होते. ओकच्या बुंध्याशी काकांनी त्याला झोळी नेसवली. लहान मुलाचं करावं तसं नाही. दर वर्षी करत तसंच, मागून पट्टा देत, "लेफ्ट, रॉय. राइट, रॉय," असं पुटपुटत. रॉयचा हात थरथरत उजव्या पिशवीत गेला आणि लोकरीवर थांबला. कडी त्याने स्वतः अडकवली. त्याला बराच वेळ लागला. काका तोवर दुसरीकडे तोंड करून झाडाची साल बघत उभे राहिले.

रॉय दोरावर रेलला तेव्हा त्याच्या बुटांची टोकं पाचोळ्याला टेकलेली होती. एवढीच त्याची उंची. धनुष्य गाडीतच राहिलं होतं. ऊन वर आलं तसा तो झोळीतच झोपला. काका शेजारच्या झाडावर होते. मी गाडीपाशी थांबलो होतो, त्यामुळे त्यांचं काही ऐकू आलं नाही.

हिवाळ्यात रॉयला न्यूमोनिया झाला. जानेवारीत तो गेला.

अंत्यविधीला काका काळा सूट घालून आले. बेव्हर्लीने त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, समोरच्या माणसांकडे बघितलं, म्हणाले, "रॉय वॉज माय नेबर," आणि थांबले. पुढचं काही येईना. शेवटी मान लववून ते खाली बसले.

नंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. काका बर्फात गाडी आणायला गेले होते. बेव्हर्ली माझ्या शेजारी येऊन बसली.

"तुला ठाऊक आहे का हे कसं सुरू झालं?" ती म्हणाली. "प्रमिला गेली त्या वर्षी व्हॅस घराबाहेर पडत नव्हता. कामावर जायचा, परत यायचा, दिवासुद्धा लावायचा नाही. रॉयला बोलायला जमत नसे. त्याने एक दिवस दार ठोठावलं आणि म्हणाला, मला दोर उचलायला माणूस हवाय. त्याला माणूस नको होता. तो वर्षानुवर्षं एकटाच जायचा."

तिने कपातली साखर ढवळली.

"पहिल्याच दिवशी रॉय घरी आला आणि मला म्हणाला, बेव्ह, व्हॅस झाडावर बोलतो. हळूहळू, त्याच्या भाषेत, सकाळभर. त्यात एकच शब्द मला कळतो. प्रमिला." बेव्हर्लीने कप खाली ठेवला. "मी म्हटलं, मग हरणं कशी येतील? त्याला गप्प बसायला सांग. तर रॉय म्हणाला, मांस दुकानात मिळतं."

मला काकांचं वाऱ्याला दोष देणं आठवलं, आणि रॉयचं मुकाट्याने घरात जाणं.

"व्हॅसला वाटतं रॉयला ऐकू येत नसे," ती म्हणाली. "त्याला तसंच वाटू दे."

त्या वर्षी उन्हाळाभर काकांचं गॅरेज बंद होतं. मंडळाच्या पिकनिकला रस्सीखेच झाली, कुणी रस्सी तपासली नाही. वैशाली डबा नेऊन द्यायची, तो दुसऱ्या दिवशी घासून दारात ठेवलेला असायचा. पानं लाल व्हायला लागली तेव्हा मीच त्यांच्याकडे गेलो.

"काका, मला झाडावर बसायचंय. शिकवाल का?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुले काय करायचं झाडावर?"

"काही नाही. नुसतं बसायचंय."

"उंचीची भीती वाटते ना तुले?"

"वाटते."

ते उठले आणि गॅरेजचं दार वर केलं.

शनिवारी पहाटे आम्ही त्या रानात होतो. काकांनी माझ्या झोळीचा प्रत्येक पट्टा दोनदा ओढून बघितला. मी कमरदोर उजव्या पिशवीत ठेवला म्हणून बोलणी खाल्ली. वर चढताना मी खोडाला कवटाळत होतो, खालून त्यांचा आवाज येत होता, "दोरावर विश्वास ठेव. खोडाले मिठी मारू नको, ते काही तुही सासरवाडी नाही." मी वर बसलो. मग ते शेजारच्या झाडावर गेले. त्यांच्या पायऱ्यांचा आवाज थांबला. सगळं शांत झालं.

उजाडायला लागलं होतं. शेतावर धुकं होतं. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, मी मराठी आहे, मला कळेल, म्हणून आता ते बोलणारच नाहीत. आपण येऊन चूक केली की काय, असंही वाटलं.

आणि मग खूप हळू आवाज आला.

"प्रमिला, लय दिवस झाले ना. जमलंच नाही पहा. आपला रॉय गेला. जानेवारीत. झोपेतच गेला, त्रास नाही झाला त्याले, असं बेव्हर्ली म्हणे. मले चार शब्द बोलाले सांगितलं होतं. नाही बोलता आलं. तू असती तर लिहून दिलं असतं." थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "तो बोलत नव्हता फारसा. पण बसत होता माणूस."

मी धुक्याकडे बघत राहिलो. हललो असतो तर दोर करकरला असता.

"यंदा बाजूच्या पोराले आणलं. चढता येत नाही त्याले, भेतो. बायको मात्र चांगली आहे त्याची, परवा वांग्याची भाजी पाठवली होती. तिखट कमी होतं, पण चांगली होती." मग घरातल्या गळक्या नळाचं निघालं, कारखान्यातल्या नव्या साहेबाचं, नागपूरला बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं त्याचं. रोजच्या जेवणाच्या टेबलावर बायकोला सांगावं तसं एकेक ते सांगत होते.

खाली पाचोळा वाजला. एक हरणी पिलाला घेऊन रानाच्या कडेला आली. तिने कान टवकारले, वर आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि पिलासकट शेतात निघून गेली. काकांनी ती पाहिलीही नसावी.

ऊन माझ्या गुडघ्यांवर आलं तेव्हा ते खाकरले.

"सतीश, पाय दुखून राहिले का रे? उतरायचं?"

माझे दोन्ही पाय केव्हाच बधिर झाले होते.

"नाही काका," मी म्हटलं. "बसू या अजून."